पिशवीतून पटांगणात : रोपांची पुनर्लागवड आणि उन्हाची सवय

वृक्षारोपण हा आता आपल्या सार्वजनिक जीवनातील एक रूढ कार्यक्रम झाला आहे. १९५० साली तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाची सुरुवात केली. तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा हा शाळा, ग्रामपंचायती, विहारे आणि कार्यालये यांच्या आवारांत खड्डे खणण्याचा आठवडा ठरला. जयंतीला रोप, वर्धापनदिनाला रोप, पाहुण्यांच्या हस्ते रोप, अशी ही प्रथा चांगलीच आहे. मात्र पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी, पुष्कळदा त्याच खड्ड्यात, पुन्हा नवे रोप लावावे लागते, हेही महाराष्ट्रातील बहुतेक गावांना ठाऊक आहे. मेलेल्या रोपाचा दोष आपण पावसाला देतो, शेळ्यांना देतो, पाणी घालायला विसरलेल्या माणसाला देतो. हे तिन्ही दोष अनेकदा खरेही असतात. परंतु शालेय रोपवाटिकेत विद्यार्थ्यांसह काम करताना आम्हांला असे दिसत आले आहे, की कित्येक रोपांचे भवितव्य खड्ड्यात उतरण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. पिशवीत त्याचे मूळ कसे वाढले आणि सावलीतून उघड्या उन्हात ते किती सावकाश आले, या दोन प्रश्नांच्या उत्तरांत त्याचे पुढचे आयुष्य दडलेले असते.

प्रस्तुत पाठ या दोन प्रश्नांपुरताच मर्यादित आहे. उदाहरणासाठी आम्ही कडुनिंब घेतला आहे, कारण तो विदर्भ, मराठवाडा, खानदेश अशा कोरड्या मुलखात सर्वांच्या ओळखीचा आहे आणि त्याचे बी कोणालाही फुकट मिळते. शेवटी पिंपळाविषयी वेगळे लिहिले आहे. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आपल्या अंगणात किंवा गावच्या विहाराच्या आवारात हे काम करता यावे, एवढाच हेतू आहे.

१. कडुनिंबाच्या रोपाचे पहिले वर्ष

निंबोळ्या जून-जुलैमध्ये पिकून झाडाखाली पडतात. कडुनिंबाच्या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही. म्हणून पिवळ्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, बी सावलीत सुकवून दोन आठवड्यांच्या आत पेरावे. मागच्या वर्षीचे जपून ठेवलेले बी पेरून उगवणीची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. बी गादीवाफ्यात एक बोटाच्या पेराइतके खोल टाकावे. उगवल्यानंतर रोपाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या, की ते वाफ्यातून उचलून ४ × ६ इंची लहान पिशवीत लावतात. ही पहिली बदली होय. ती श्रावणाच्या आसपास येते.

दुसरी बदली, म्हणजे लहान पिशवीतून ८ × १० इंची मोठ्या पिशवीत, सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत करावी असे आमचे मत आहे. त्या काळात माती अजून उबदार असते, त्यामुळे दुखावलेली मुळे लवकर सावरतात. पावसाचा जोर ओसरलेला असतो, त्यामुळे पिशवीत पाणी साचत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नव्या पिशवीत रोप स्थिरावते न स्थिरावते तोच हिवाळ्याचे कोवळे ऊन सुरू होते. हे ऊन रोपाला उघड्यावर आणण्यासाठी वर्षातील सर्वांत योग्य ऊन आहे. अनेक ठिकाणी रोपे मेपर्यंत जाळीखाली ठेवतात आणि मग पाऊस तोंडावर आला म्हणून एकदम बाहेर काढतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा उन्हाशी पहिली ओळख होणारे रोप टिकले, तर तो योगायोग समजावा.

२. मुळाचा स्वभाव

बी रुजते तेव्हा प्रथम बाहेर येते ते मूळ, अंकुर नंतर वर येतो. आपल्या कोरड्या प्रदेशातील बहुतेक वृक्षांचे सोटमूळ पहिल्या काही महिन्यांत सरळ खाली धावते. पावसाळा संपण्याआधी ओलाव्यापर्यंत पोहोचणे ही त्याची घाई असते. जमिनीत त्याला वाट मोकळी मिळते. पिशवीत मात्र काही आठवड्यांतच तळ लागतो. तळाला पोहोचलेले मूळ वळते आणि पिशवीच्या कडेने गोल फिरू लागते. बाजूची मुळेही त्याच वाटेने जातात. वरून रोप हिरवेगार दिसत असते, आणि आत मात्र मुळांची सुतळीसारखी गुंडाळी तयार होत असते.

या गुंडाळीचा धोका पुढे दिसतो. असे रोप तसेच जमिनीत लावले, तर गोल फिरलेले मूळ आपोआप सरळ होत नाही. मूळ जसजसे जाड होते, तसतसे ते त्याच वळणात घट्ट होत जाते. काही वर्षांनी खोडाभोवती त्याचा फास बसतो, किंवा मुळांचा पसारा चहूकडे न झाल्यामुळे वादळात झाड समूळ कोलमडते. लावल्यापासून सात-आठ वर्षे नीट वाढलेले झाड एका वळवाच्या पावसात आडवे झाले, की लोक वाऱ्याला दोष देतात. त्या झाडाचे मूळ उकरून पाहावे. पिशवीचा आकार तेथे अजूनही ओळखू येतो.

म्हणूनच पिशवी वेळेवर बदलणे आवश्यक असते. वेळ झाली हे कसे ओळखावे? पिशवीच्या भोकांतून पांढरी मुळे बाहेर डोकावू लागली, पाणी घातल्यावर ते लगेच खालून निघून जाऊ लागले, किंवा सकाळी पाणी घातलेले रोप दुपारीच मलूल होऊ लागले, तर मुळांना जागा उरलेली नाही असे समजावे. रोपाची उंची हे मात्र विश्वासार्ह लक्षण नाही. दाट सावलीत एकमेकांना खेटून ठेवलेली रोपे प्रकाशाच्या ओढीने उंच होतात, पण त्यांचे खोड काडीसारखे राहते. रोप निवडताना उंचीपेक्षा खोडाच्या बुंध्याची जाडी पाहावी.

३. मातीचे मिश्रण

आपल्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी असली, तरी पिशवीत एकटी वापरण्याजोगी नाही. ओली झाली की ती फुगते, हवा कोंडते, आणि वाळली की आकसून पिशवीपासून सुटते व तिला भेगा पडतात. त्या भेगांबरोबर कोवळी मुळे तुटतात. म्हणून दोन भाग पोयट्याची किंवा मुरमाड लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. काळ्या मातीखेरीज दुसरी मिळतच नसेल, तर वाळूचे प्रमाण दुप्पट करावे. सर्व चाळणीने चाळून घ्यावे.

शेणखत पूर्ण कुजलेले असावे, यावर आमचा विशेष भर आहे. अर्धकच्चे शेण पिशवीत कुजत राहते, तेव्हा उष्णता निर्माण होते आणि मुळे करपतात. शिवाय त्यातून हुमणीच्या अळ्या येतात, त्या मुळेच खातात. खत हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता पावसाने भिजलेल्या मातीचा वास यावा, बोटांत चुरडल्यावर ते भुसभुशीत लागावे. घमेलाभर मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड मिसळली, तर किडींचा त्रास कमी होतो.

मिश्रण बरोबर झाले की नाही, हे मुठीने तपासता येते. ओलसर मिश्रण मुठीत दाबावे. गोळा व्हावा, आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा. गोळाच झाला नाही तर वाळू जास्त आहे, फुटलाच नाही तर माती चिकण आहे.

एक समज येथे दूर केला पाहिजे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहते. थरामुळे ओली माती उलट मुळांच्या अधिक जवळ येते आणि मुळांची जागा कमी होते. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून खापराचा एक तुकडा भोकावर ठेवला तर पुरे. निचरा साधायचा तो संपूर्ण मिश्रणात वाळू मिसळून.

४. पिशवी बदलण्याची कृती

हे काम संध्याकाळी, ऊन उतरल्यावर करावे. दोघा-दोघांच्या जोडीने केल्यास मुळांना इजा कमी होते, म्हणून आम्ही विद्यार्थ्यांच्या जोड्याच लावतो. एकाने रोप धरायचे, दुसऱ्याने माती भरायची.

रोपांना काम सुरू करण्यापूर्वी दोन-तीन तास आधी पाणी द्यावे. कोरडी माती पिशवी काढताच विस्कटते आणि ऐन वेळी पाणी घातलेली माती चिखल होऊन गळते. ओलसर माती मात्र मुळांना धरून एकसंध राहते. नव्या पिशवीच्या तळाशी मिश्रण घालून ठेवावे, ते इतके की रोप ठेवल्यावर जुन्या मातीचा पृष्ठभाग नव्या पिशवीच्या काठापासून दोन बोटे खाली यावा. ही दोन बोटांची जागा पाण्यासाठी असते.

जुनी पिशवी ब्लेडने उभी चिरावी. रोप खोडाला धरून ओढून काढणे हा सर्वांत मोठा अपराध होय. ओढताना दिसत नाही, पण आतली बारीक मुळे तुटतात, आणि पाणी शोषण्याचे काम त्याच बारीक मुळांवरील मूळरोम करीत असतात. मातीचा गोळा तळहातावर तोलून धरावा. उघडी मुळे हवेत मिनिटभरसुद्धा वाळू देऊ नयेत. रोपांची संख्या जास्त असेल तर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवावीत.

आता मुळे पाहावीत. ती पांढरट आणि टणक असतील तर निरोगी आहेत. तपकिरी, मऊ, दुर्गंधीयुक्त असतील तर कुजलेली आहेत, ती कापून टाकावीत. कडेने गोल फिरलेली मुळे दिसली, तर मातीच्या गोळ्याला धारदार ब्लेडने तीन-चार ठिकाणी वरून खाली उभा छेद द्यावा आणि तळाशी गुंडाळलेला भाग कापून काढावा. प्रथम करणाऱ्याचा हात येथे थबकतो. मूळ कापणे म्हणजे रोपाला मारणे असे वाटते. परंतु छेद दिलेल्या जागेमागून नवी मुळे फुटतात आणि ती बाहेरच्या दिशेने जातात. न कापलेला वेढा मात्र जन्मभर राहतो.

रोप मधोमध ठेवून भोवती मिश्रण भरावे. खोड आणि मूळ जेथे मिळतात तो भाग पूर्वी जितक्या उंचीवर होता तितक्याच उंचीवर राहिला पाहिजे. तो खोल पुरला तर साल ओलाव्याने कुजते, उघडा राहिला तर मुळे वाळतात. माती बोटांनी हलकेच बसवावी. अंगठ्याने ठासून दाबू नये. उरलेले काम पाणी करते. झारीने सावकाश पाणी द्यावे, माती खाली बसली तर वरून थोडी भर घालावी.

पिशवीचा आकार एकेका पायरीनेच वाढवावा. बोटभर रोप एकदम मोठ्या कुंडीत लावले तर ते लवकर मोठे होईल, ही समजूत चुकीची आहे. मुळे जेथे पोहोचत नाहीत ती माती दिवसेंदिवस ओलीच राहते, आंबते, आणि मुळे कुजण्यास तेथूनच सुरुवात होते.

५. सावलीतले पान आणि उन्हातले पान

बदलीनंतर दहा ते पंधरा दिवस रोपे सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवावीत. या काळात तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे येतात. पानांना जितके पाणी लागते तितके मुळांना पुरवता येत नसल्यामुळे ही सावली आवश्यक असते. खत मुळीच देऊ नये. नवे पान उमलू लागले, की मुळांनी जागा धरली असे समजावे. येथून पुढचा टप्पा सुरू होतो.

सावलीत वाढलेले पान आणि उन्हात वाढलेले पान यांची रचनाच वेगळी असते. सावलीतले पान पातळ आणि पसरट असते. कमी प्रकाश गोळा करण्यासाठी ते तसे असणे सोयीचे असते. त्याच्यावरील मेणचट आवरणही पातळ राहते. उन्हातले पान जाड, तुलनेने लहान आणि वरून अधिक मेणचट असते, त्यामुळे त्यातून पाणी कमी उडते. पूर्ण वाढलेले सावलीतले पान उन्हात नेल्याने उन्हातले पान होत नाही. ते थोडेफार जुळवून घेते, पण त्याची घडण बदलत नाही. खऱ्या अर्थाने उन्हाला योग्य पान हे उन्हात उमललेले नवे पानच असते. म्हणून उन्हाची सवय लावणे हे दोन-चार दिवसांत उरकण्याचे काम नव्हे. रोपाला दोन-तीन नवी पाने काढण्याइतका अवधी त्यासाठी द्यावा लागतो.

वाऱ्याचेही असेच आहे. जाळीच्या आत, भिंतीच्या आडोशाला उभे असलेले खोड हलत नाही, म्हणून ते जाड होत नाही. वाऱ्याने रोज थोडे थोडे डोलणारे खोड बुंध्याशी जाड आणि कणखर होते. रोपाला काठीशी घट्ट आवळून बांधले, तर हा व्यायाम बंद पडतो. आधार द्यायचाच असेल तर सैल बांधावा, रोप थोडे हलले पाहिजे.

६. उन्हाचा क्रम

नोव्हेंबरमध्ये सुरुवात केल्यास पुढील क्रम साधारणपणे योग्य ठरतो.

पहिला आठवडा : सकाळचे दोन तास ऊन. नऊच्या सुमारास रोपे पुन्हा सावलीत. जागा हलवणे शक्य नसेल तर जाळी तेवढा वेळ गुंडाळून ठेवावी.

दुसरा आठवडा : सकाळचे चार तास. रात्री रोपे उघड्या आकाशाखाली राहू द्यावीत.

तिसरा आठवडा : सकाळचे संपूर्ण ऊन, दुपारी बारा ते तीन सावली, त्यानंतर पुन्हा ऊन.

चौथा आठवडा : दिवसभर ऊन. ढगाळ दिवस पाहून हा टप्पा सुरू केला तर अधिक चांगले.

पाचवा व सहावा आठवडा : रोपे उघड्यावरच. पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर हळूहळू वाढवावे. वरची माती बोटाच्या एका पेराइतकी कोरडी झाल्याशिवाय पुढचे पाणी देऊ नये, पण द्यायचे तेव्हा तळापर्यंत भिजेल इतके द्यावे. रोज थोडे थोडे शिंपडलेले पाणी वरच्याच थरात राहते आणि मुळेही वरच राहतात.

हा क्रम घड्याळाच्या काट्याने पाळायचा नाही. पानांचे निरीक्षण करावे आणि त्यानुसार एखादा टप्पा चार दिवस लांबवावा. पानांवर पांढुरके, कागदासारखे कोरडे डाग पडले तर ऊन एकदम जास्त झाले आहे, एक टप्पा मागे जावे. भर दुपारी पाने मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात, हे वाढीच्या काळात चालते, रोप स्वतःला सांभाळत असते. परंतु सकाळच्या प्रहरी, माती ओली असतानाही पाने मलूल दिसली, तर मुळांत बिघाड आहे. अशा वेळी घाबरून आणखी पाणी घालणे म्हणजे कुजलेल्या मुळांना बुडवणे होय. खालची पाने पिवळी पडून गळत असतील आणि माती सतत ओली असेल, तर पाणी कमी करावे. बुंध्याजवळचे खोड हिरवे न राहता तपकिरी, काष्ठमय होऊ लागले, की रोप काटक झाले असे समजावे.

मोठ्या पिशव्यांतील रोपेही अधूनमधून जागेवरून उचलून पाहावीत. पिशवीच्या भोकांतून मुळे खालच्या जमिनीत शिरलेली असतात, ती लावणीच्या दिवशी एकदम तुटली तर रोपाला मोठा धक्का बसतो. महिन्यातून एकदा पिशवी हलवून ती मुळे तोडली, तर रोप आपली मुळे पिशवीच्या आतच वाढवते.

७. उन्हाळ्याची सुटी

निवासी शाळेच्या रोपवाटिकेपुढे एक अडचण अशी आहे, जी सरकारी रोपवाटिकेला नसते. एप्रिल-मेमध्ये मुले घरी जातात, वसतिगृह रिकामे होते, आणि रोपांना पाण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्याच वेळी असते. वर्षभराची मेहनत या सहा आठवड्यांत वाया जाऊ शकते. पाण्याची जबाबदारी सुटी लागण्यापूर्वीच नावानिशी वाटून देणे हा पहिला उपाय होय. जवळच्या वस्तीतील पालक आणि माजी विद्यार्थी यांना आठवड्यातील एकेक दिवस वाटून घेता येतो.

दुसरा उपाय मांडणीचा आहे. काळ्या पिशव्या उन्हात तापतात आणि कडेची मुळे अक्षरशः शिजतात. म्हणून एक वीतभर खोल चर खणून त्यात पिशव्या एकमेकींना लागून उभ्या कराव्यात आणि बाहेरच्या रांगेला मातीची भर द्यावी, म्हणजे बाजूचे ऊन पिशवीला लागत नाही. मातीवर वाळलेल्या पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. हिवाळ्यात उन्हाला सरावलेल्या रोपांनाही एप्रिल-मेमध्ये दुपारची जाळी लावण्यात कमीपणा नाही. सकाळ-संध्याकाळचे ऊन मात्र चालू ठेवावे. रोहिणी संपून मृग लागला, की जाळी काढून टाकावी.

८. खड्ड्यात उतरताना

दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा खड्डा मेमध्येच खणून उन्हाने तापू द्यावा. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावरच रोप लावावे. पहिल्या सरीला घाई करू नये, कारण मृगानंतर पावसाने ओढ दिल्याचा अनुभव आपणा सर्वांना आहे. पिशवी पूर्णपणे काढावी. घाईच्या समारंभात पिशवीसकट लावलेली रोपे आम्ही उकरून पाहिली आहेत, त्यांची मुळे प्लास्टिकच्या आतच संपलेली असतात. पुन्हा एकदा मुळांची गुंडाळी तपासावी, आवश्यक तर छेद द्यावा. रोपाभोवती आळे करावे, पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला चिकटू देऊ नये. काटेरी कुंपण त्याच दिवशी करावे. शेळी दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. पहिल्या उन्हाळ्यात दर आठवड्याला एका रोपाला १० ते १५ लिटर पाणी सावकाश मुरवून द्यावे. असे निदान दोन, शक्य तर तीन उन्हाळे सांभाळावेत.

९. पिंपळाविषयी

पिंपळाचे बी मोहरीहूनही बारीक असते. पक्षी फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून ते भिंतींच्या फटींत, छपरांच्या कडेला, विहिरीच्या कठड्यात पडते. म्हणून पिंपळाचे रोप पेरण्यापेक्षा सापडण्याचीच शक्यता अधिक. असे रोप वीतभर असतानाच, पावसाळ्यात, फट चांगली भिजवून मिळेल तितक्या मुळासह हळुवार सोडवावे. मूळ थोडेच मिळाले असेल तर अर्धी पाने काढून टाकावीत, म्हणजे पाण्याची मागणी कमी होते. तीन-चार आठवडे दाट सावलीत ठेवून मग वर सांगितलेल्या क्रमानेच त्याला उन्हात आणावे. बी पेरायचे असेल तर ते मातीत गाडू नये. चाळलेल्या मातीवर भुरभुरून खालून पाणी द्यावे, कारण त्याला उगवण्यासाठी प्रकाश लागतो.

विहाराच्या आवारात बोधिवृक्ष असावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. मात्र तो भिंतीपासून आणि विहिरीपासून किमान १० ते १२ मीटर दूर लावावा. आज अंगठ्याएवढे असलेले मूळ उद्या पाया उचलते, आणि मग ज्या हातांनी झाड लावले त्याच हातांवर ते तोडण्याची वेळ येते.

रोप एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे आणि तेथे जगवणे याचे एक मोठे उदाहरण आपल्या परंपरेतच आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात संघमित्रा थेरीने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी श्रीलंकेस नेली. महावंसातील वर्णनाप्रमाणे ती सुवर्णपात्रात लावून समुद्रमार्गे नेण्यात आली आणि अनुराधपूर येथे रुजवण्यात आली. तो वृक्ष आजही उभा आहे. त्याच अनुराधपूरच्या वृक्षाच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी आणून नागपूरच्या दीक्षाभूमीवर लावल्या. भक्तीने हा प्रवास घडवला हे खरे, पण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी मूळ ओले ठेवले, कोणीतरी सावली धरली आणि कोणीतरी वर्षानुवर्षे पाणी घातले, म्हणूनच तो तडीस गेला. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे आणि आमराया केल्याचे नोंदवले आहे. त्याच लेखात विहिरी खणल्याचीही नोंद आहे. झाड आणि पाणी यांचा उल्लेख एकत्र यावा, हे आम्हांला फार योग्य वाटते.

१०. समारोप

हे काम मुलांना का शिकवावे, असे काही पालक विचारतात. आमचे उत्तर साधे आहे. वसतिगृहात आलेले मूल काही काळ सावलीत वाढते आणि एक दिवस त्याला बाहेरच्या उन्हात जावे लागते. सावली देणे आवश्यक असते आणि ती क्रमाक्रमाने काढून घेणेही तितकेच आवश्यक असते. आठवीतला विद्यार्थी आठवड्यामागून आठवडा जाळी गुंडाळतो, पानांवरचे डाग पाहून एक टप्पा मागे जातो, तेव्हा तो ही गोष्ट कोणी न सांगता शिकतो. मूल म्हणजे रोप नव्हे, एवढे भान ठेवून ही तुलना येथेच थांबवणे बरे.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. येत्या जूनमध्ये आपल्या गावी रोपे वाटण्याचा कार्यक्रम ठरवत असाल, तर त्याची तयारी या वर्षीच्या निंबोळ्यांपासून सुरू करा आणि रोपे पुढच्या वर्षी लावा. शंभर रोपे विकत आणून एका सकाळी लावण्याऐवजी वीस रोपे स्वतः वाढवा, त्यांची पिशवी वेळेवर बदला, त्यांना हिवाळ्याचे ऊन दाखवा आणि सुटीत पाणी कोण घालणार त्यांची नावे आधी लिहून ठेवा. ज्यांना बी हवे असेल त्यांनी जूनच्या अखेरीस शाळेत यावे. पटांगणाच्या कडेच्या कडुनिंबांखाली त्या दिवसांत निंबोळ्यांचा सडा पडलेला असतो, आणि चाळणी, घमेले, खुरपे रोपवाटिकेच्या खोपटात ठेवलेले असतात.